खळीचा डबा

मला पत्रकं लिहिता येतात. विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, पत्रक. कापसाच्या जिनिंगमध्ये बायांना पुरुषांहून कमी मजुरी, पत्रक. अमरावतीला कॉलेजात होते तेव्हा आमच्या तरुण मंडळाची बहुतेक पत्रकं माझ्याच हातची असायची. छापखान्यात खिळे जुळवणारे गृहस्थ म्हणायचे, या बाईचं पत्रक आलं की आमच्याकडची उद्गारचिन्हं संपतात. पण आमच्याच स्वयंपाकघरात जे घडलं त्यावर मला पत्रक काढता आलं नाही. ते का, एवढंच इथं लिहायचं आहे.

आमच्या ओळखीचे एक चित्रकलेचे मास्तर होते. मुंबईला शिकून आलेले. आमचं एक पत्रक त्यांनी हातात धरलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "ज्याच्यासाठी लिहिता त्याला वाचता येत नाही. ज्याला वाचता येतं तो यात पोहे बांधतो." मला राग आला. रागाला उत्तर म्हणून त्यांनी आम्हाला रविवारी शाळेत बोलावलं. अकोल्याला उन्हाळ्याच्या शेवटी मंडळांचा मेळावा होता. व्यासपीठामागे लावायला एक भिंतीएवढं चित्र करायचं, आणि ते सगळ्यांनी मिळून करायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

काम असं असायचं. प्रत्येकाला लिनोलियमचा एक तुकडा. त्यावर चित्र कोरायचं, रुळानं छापखान्याची काळी शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं घासत बसायचं. कागद उचलला की छाप. मग हे छाप कात्रीनं कापायचे आणि मोठ्या कागदावर खळीनं चिकटवून त्यांचं एक गाव करायचं. रंगासाठी पतंगाचा कागद, कापसाच्या गठाणींवरची लेबलं, आणि आकाशासाठी माझी उरलेली पत्रकं. मास्तरांचा नियम एकच. आपला छाप आपण चिकटवायचा नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तो लावील तिथं तो राहील.

या नियमावरून पहिल्याच दिवशी जुंपली. मी एक वळलेली मूठ कोरली होती. मोठी, मनगटासकट. ती गावाच्या मधोमध लागणार अशी माझी खात्री होती. ती ज्याच्या हातात गेली त्यानं ती वांग्याच्या वाफ्यात लावली.

"माझी मूठ कुठाय?"

"वांग्यात हाय. लांबून पाय, वांगंच वाटते."

खरंच वाटत होतं. सगळे हसले. मास्तर म्हणाले, राहू द्या.

मंडळात निम्मे आम्ही, भटा-वकिलांच्या आळीतले. निम्मे वस्तीतले, छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांतले. त्यांच्यात एक मुलगी दर्यापूरची होती. शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला अमरावतीत मामाकडे राहायची. सगळे तिला दर्यापूरवालीच म्हणायचे. तिनं चूल कोरली होती, हाताच्या पंजाएवढी, आत दोन लाकडं. घर चिकटवणारा प्रत्येक जण तिच्याकडे यायचा, "एक चूल दे व." ती छाप काढून द्यायची आणि विचारायची, "ओली पाह्यजे का वाळलेली?"

आमची दोघींची गट्टी जमली. तिनंच मला मामाची अट सांगितली. मामा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या उमेदवारीच्या काळात त्यांना कचेरीत दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेल्या कपात चहा मिळायचा.

"मामा म्हणते, शिक, हिंड, चित्रं काढ. पण जिथी वेगळं वागवलं तिथी दुसऱ्यांदा पाय ठेवाचा नाही. अन मले दुसऱ्याकडून समजलं, त सामान बांधजो. दर्यापूरची मोटर हायच."

दर्यापूरला तिच्या वडिलांनी एक मुलगा पाहून ठेवला होता. ट्रेनिंगचं अजून अख्खं वर्ष बाकी होतं. तिला ते वर्ष हवं होतं.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, शाळेला कुलूप लागलं, आणि मी उठून सांगितलं की आमच्या ओसरीवर या. वडील वकील. सभांतून समाजसुधारणेवर बोलणारे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माझ्या घराला उंबरा नाही असं समजा." मला वडिलांचा अभिमान वाटला. हेही लिहून ठेवते, कारण खरं आहे.

आईनं ओसरीवर गोणपाट अंथरले आणि एक गोष्ट बजावली. खळ म्हणजे शिजवलेलं पीठ. म्हणजे खरकटं. ती बोटं देवघराला, पाण्याच्या माठाला, लोणच्याच्या बरणीला लागता कामा नयेत. आधी मागच्या मोरीवर हात धुवायचे, मग काय ते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्याकडे चित्रसुद्धा खरकटं होतं." दर्यापूरवाली हसली. "आमची माय बी हेच म्हणते. शिजलं पीठ सांडलं की घरभर बोंबलते." सगळ्यांना हा नियम सारखा होता, मास्तरांनासुद्धा. त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या रविवारी खळ मी शिजवली. उतू गेली, चुलीच्या कडेला ओघळली. आईनं ओलं फडकं फिरवलं आणि वर भात चढवला. एवढंच.

दुसऱ्या रविवारी माझ्या खळीत गुठळ्या झाल्या. दर्यापूरवालीनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"हे काय व? याचे त लाडू होतीन. सर तिकडं, मले करू दे."

मी तिला सरळ आत नेलं. स्वयंपाकघरात, चुलीपुढे. मुद्दाम नेलं. पायरीवरून जाताना माझ्या मनात पत्रकाच्या ओळी जुळत होत्या. आई दारात उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते, आता काय म्हणतेस म्हणून. आई म्हणाली, "आच कमी कर पोरी, खाली लागेल." दर्यापूरवालीनं लाकूड मागे ओढलं. खळ मलईसारखी झाली. एक थेंब बाहेर पडला नाही.

काम आटोपून सगळे गेले. मी मागच्या अंगणात शाईची फडकी रॉकेलमध्ये भिजवत होते. तेवढ्यात दर्यापूरवाली मागच्या दारानं परत आली. छाप घासायचा चमचा मामीचा होता, तो चुलीपाशी राहिला होता. मी म्हटलं, जा, घे. मीही हात पुसत तिच्या मागे गेले.

चुलीतली राख उपसून टाकलेली होती. आई कासोटा खोवून चूल सारवत होती. माठ उपडा घातलेला, घागरी उपड्या घातलेल्या, सगळं पाणी मोरीत चाललं होतं.

आईनं मान वर करून आम्हा दोघींना पाहिलं. मग आई म्हणाली, "खरकटं झालं होतं गं."

दर्यापूरवालीनं चुलीकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं. "माहा चमचा राहिला होता," म्हणाली. आईनं खिडकीत काढून ठेवलेला चमचा उचलला, पदराला पुसला आणि गेली.

त्यानंतर मी घर डोक्यावर घेतलं. आई एवढंच म्हणाली, "माझ्या चुलीवर काय सांडलं ते मला ठाऊक." मी म्हटलं, गेल्या रविवारी मी सांडलं तेव्हा माठ का नाही उपडा घातलास? ती सारवत राहिली. वडील वर्तमानपत्रामागून म्हणाले, "एकदम सगळं होत नसतं. हळूहळू होईल. तू आता आवाज कमी कर, रस्त्यावर ऐकू जातं."

रस्त्यावर ऐकू जावं असंच मला वाटत होतं. मी माडीवर जाऊन लिनोलियमचा नवा तुकडा काढला आणि कोरायला घेतला. उपडा माठ, सांडलेलं पाणी, वर एक बांगड्यांचा हात. अकोल्याच्या मेळाव्याचे अध्यक्ष आमचे वडीलच होते. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर हा छाप आला पाहिजे, मग बघू काय बोलतात. दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन मी दर्यापूरवालीला गाठलं. ती बाजारातून घरी चालली होती. तिनं तो बघितला, आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही.

"अन मामाले काय सांगू?"

"तुझं नाव कुठं घालतेय मी?"

"नाव कशाले पाह्यजे? वकिलाच्या घरी आमच्यातलं कोण कोण जाते, हे सगळ्याइले मालूम हाय. तुह्या बापाले लाज आणाची त आण. माह्या अंगावरून नको. तू भाषण करशीन, लोक टाळ्या वाजवतीन, अन मी दर्यापूरच्या मोटरीत बसून राहीन."

"मग काय, गप्प बसू?"

"बस. जमते का पाय."

"आणि तू? तू परत येशील आमच्याकडे?"

"येतो ना. न येऊन सांगू काय मामाले?"

ती खरंच आली. पुढच्या रविवारी गोणपाटावर बसली, छाप काढले, वांग्याच्या मुठीवर विनोद केला. फक्त ओसरीच्या आत पाऊल टाकलं नाही. खळ मी शिजवली. गुठळ्याच गुठळ्या. कुणी त्यावर एक शब्द काढला नाही, म्हणजे सगळ्यांना काही ना काही कळलं होतं. आई मध्ये एकदा ओसरीवर आली आणि तिला म्हणाली, "आज नाही केलीस का गं खळ? तुझी छान होते." मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. आई हे मनापासून म्हणाली होती. ते जास्त वाईट होतं.

अकोल्याला चित्र लागलं. लांबून खरंच गाव दिसत होतं. घरोघरी तिची चूल, वर माझ्या पत्रकांचं आकाश. उपड्या माठाचा छाप माझ्या पेटीत घरीच राहिला होता. वडील उभे राहिले. ते चांगलं बोलतात. म्हणाले, "या चित्रात कुणाचा हात कुठला, ओळखून दाखवा. नाही ओळखता येणार. आणि मला सांगायला आनंद वाटतो की हे चित्र माझ्या घरी झालं. माझ्या चुलीवर याची खळ शिजली."

टाळ्या पडल्या. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर तयार होतं, तिथल्या तिथं बोलून मोकळी होण्यासारखं. खाली तिसऱ्या रांगेत दर्यापूरवाली मामांच्या शेजारी बसली होती. ती चित्राकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

सभा संपल्यावर मामा वडिलांना भेटायला आले. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात टोपी. "साहेब, पोरगी तुमच्या घरी होती म्हणून मले घोर नव्हता."

"आमचीच समजा," वडील म्हणाले.

मी त्या दोघांच्या मध्ये उभी राहून वांग्यांकडे बघत होते.

मेळावा संपला तरी मास्तरांनी काम थांबवलं नाही. पुढचं चित्र सुरू केलं. मामांनी आपण होऊन सांगितलं, आता आमच्या घरी बसा, वकिलीणबाईले किती तरास द्याचा. त्या रविवारी आईनं स्वतः खळ शिजवली, जर्मनच्या डब्यात भरली आणि म्हणाली, "त्यांच्याकडे पीठ कशाला वाया घालवायचं. घेऊन जा." मी नेली. वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दाटीवाटीनं बसलो. हात धुवायला मामी अंगणातच पाणी घालायच्या.

निघताना मामींनी डबा माझ्या हातात दिला. राखेनं घासून लख्ख केलेला, आणि जड. आत बेसनाच्या पातोड्या, वर खोबरं आणि खसखस.

"रिकामं भांडं देत नसतात, बाई. आईले सांगजो, माह्या हातच्या हायेत. कशा झाल्या ते विचारून येजो."

हे बोलताना त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. दर्यापूरवाली मागे शाईचा रूळ पुसत होती, तिचा हात थांबला. मामींना काय कळून घ्यायचं होतं ते आम्हा दोघींना कळलं.

नाल्याच्या पुलापर्यंत मी नीट आले. तिथं थांबले. डोळ्यांपुढे आई दिसत होती, डबा हातात घेतलेली. ती काय करील याचा विचार करत होते. शेजारच्या गाईला घालील? मोरीत? की झाकण न काढता मागच्या भिंतीवर ठेवील आणि म्हणेल, बघू? कुठलंही मला बघायचं नव्हतं. मी पुलाच्या कठड्यावर बसले आणि सगळ्या पातोड्या एकटीनं खाल्ल्या. भूक नव्हती. लसणाच्या, झणझणीत, उत्तम झाल्या होत्या. शेवटच्या घशाखाली उतरत नव्हत्या तरी ढकलल्या. येणारे-जाणारे बघत होते. वकिलाची मुलगी रस्त्यावर बसून खाते आहे.

घरी आले. आईनं डबा उघडला.

"रिकामाच दिला? रीत नाही वाटतं त्यांच्यात."

मी पायांवर पाणी घ्यायला मोरीकडे गेले. दुसऱ्याच्या घरावर असा आरोप कुणी केला असता तर मी त्याची सालं काढली असती. मी पाय धूत राहिले.

तीन-चार दिवसांनी दर्यापूरवाली कॉलेजच्या फाटकापाशी उभी होती.

"मामी रोज विचारून राहिली. तुह्या आईनं खाल्ल्या का पातोड्या?"

"मी खाल्ल्या."

"अन आईनं?"

"मी एकटीनंच खाल्ल्या. पुलावर बसून. घरी नेल्याच नाहीत."

ती हसली. "सगळ्या? पोट दुखलं नाही का तुहं?" मग हसू गेलं तिचं. "मामी मामाले सांगनार, डब्याचं काहीच सांगत नाई पोरगी, म्हणजे फेकल्या. मंग मी काय सांगू?"

मी म्हटलं, उद्या सांगते.

त्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. डबा रिकामा आला नव्हता. मी खाल्लं, कारण तू काय करशील ते मला बघायचं नव्हतं. मामाची अट सांगितली, दर्यापूरचा मुलगा सांगितला, आणि हेही सांगितलं की चूल सारवलीस ते तिनं पाहिलं आणि अजून मामाला कळू दिलेलं नाही. आईचा हात सुपात थांबला होता. मला वाटलं, आता रडेल किंवा चिडेल.

"कशाच्या होत्या?" तिनं विचारलं.

"बेसनाच्या. पातोड्या."

"लसूण होता?"

"होता. वर खसखस."

आईनं एक खडा काढून बाजूला टाकला. "मामीला म्हणावं, आईला आवडल्या. पण मीठ जरा जास्त पडलं होतं."

"मीठ बरोबर होतं."

"नुसतं आवडल्या म्हटलं तर तिला खरं वाटणार नाही. खाणारी बाई काहीतरी खोट काढतेच. मीठ जास्त म्हण."

मी दुसऱ्या दिवशी तो निरोप शब्दाला शब्द पोचवला. मंडळात कुणी सभ्यपणासाठी थोडं खोटं बोललं तरी मी त्याला उभं करून विचारत असे. दर्यापूरवालीनं ऐकलं, खाली बघितलं आणि म्हणाली, "आईनं सांगितलं हे?" मी हो म्हटलं. रविवारी मामींनीच मला दारात गाठलं. चेहरा खुललेला.

"मीठ जास्त म्हणे? वकिलीणबाईची जीभ लय बारीक हाय बाप्पा. आमच्या घरी त कोणी काई बोललं नाही."

दर्यापूरवाली अमरावतीत राहिली. वर्ष पुरं केलं. आता अंजनगावच्या बाजूला शाळेवर आहे, मुलांकडून बटाट्याचे ठसे करून घेते. हे सगळं त्या मिठावर झालं, आणि ते आईचं मीठ होतं. मला आईला माफही करता येत नाही आणि तिच्यावर पत्रकही लिहिता येत नाही.

त्याच रविवारी निघताना मामींनी डबा पुन्हा भरून दिला होता. या वेळी मी पुलावर थांबले नाही. घरी आणून झाकण उघडलं आणि आईपुढे ओट्यावर ठेवला. एक पातोडी मी तिच्यादेखत खाल्ली. अळणी होती. मामींनी मनावर घेतलं होतं.

"तू हो पुढं," आई म्हणाली, "मी बघते."

मी माडीवर गेले. खाली आले तेव्हा डबा घासून मागच्या भिंतीवर उपडा घातलेला होता. आई चुलीपुढे बसली होती, चूल काल होती तशीच होती. पातोड्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. मी, जी भर सभेत पाहुण्यांना प्रश्न विचारते.

पुढच्या रविवारी मामींनी विचारलं, "आता मीठ कसं होतं?"

"आता बरोबर," मी म्हटलं, आणि कागदावर खळ लावायला बसले.